समुपदेशनात मानसशास्त्रीय चाचण्या: नव्या समुपदेशकाने सुरुवात कशी करावी

नव्या समुपदेशकाला चाचण्यांचा मोह असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. समोरच्याच्या बोलण्यातलं काय धरायचं, काय सोडायचं याचा सराव अजून झालेला नसतो. प्रश्नावली मात्र पंधरा मिनिटांत आकडा देते, आणि आकडा हाती आला की काहीतरी ठोस काम झाल्यासारखं वाटतं. मग पहिल्याच भेटीत सल्लार्थीच्या, म्हणजे समुपदेशनासाठी आलेल्या माणसाच्या, हातात चार-पाच पानं पडतात, तो निमूटपणे खुणा करत बसतो आणि ज्यासाठी धीर करून आला होता ते सांगायचं राहूनच जातं.

चाचण्या वापरूच नयेत असं माझं म्हणणं नाही. नीट निवडलेली एखादी प्रश्नावली तीन भेटींत न निघालेला विषय एका विधानातून बाहेर काढते. पण तिचा उपयोग होणार की नाही, हे ती देण्याआधी विचारलेल्या प्रश्नावर आणि ती दिल्यानंतर झालेल्या बोलण्यावर ठरतं. गुण मोजायला कुणीही शिकतं. काम बिघडतं ते या दोन टोकांवर. म्हणून खालच्या पायऱ्यांत त्या दोन टोकांना जास्त जागा दिली आहे.

पायरी १: चाचणीआधी प्रश्न

कागदावर एक वाक्य लिहा: 'मला अमुक जाणून घ्यायचं आहे, कारण ते कळलं तर मी पुढे तमुक करेन.' वाक्याचा उत्तरार्ध सुचत नसेल तर चाचणी कपाटातच राहू द्या. 'एकदा व्यक्तिमत्त्व बघून घेऊ' हा प्रश्न होत नाही. 'चिंता इतकी आहे का, की मनोविकारतज्ज्ञांचं मत आत्ताच घ्यावं?' हा प्रश्न आहे. 'ही मुलगी गणित सोडायचं म्हणतेय. अडचण क्षमतेची आहे, तयारीची आहे की परीक्षेच्या भीतीची?' हाही प्रश्न आहे, आणि त्यातल्या तीन शक्यतांना तीन वेगळी साधनं लागतील हे तो लिहून काढल्यावरच लक्षात येतं.

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आपली बुद्धिमापन श्रेणी मांडली, तेव्हा त्यांच्यापुढचं काम असंच नेमकं होतं: शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपैकी वेगळ्या शिकवणीची गरज कोणाला आहे ते ओळखणं. मुलाची बुद्धी जन्मभरासाठी ठरून गेली आहे असं बिनेचं म्हणणं नव्हतं, उलट तसं मानणाऱ्यांवर त्याने टीका केली. पुढे इतर देशांत याच धर्तीच्या चाचण्या माणसांवर कायमचा शिक्का मारायला वापरल्या गेल्या. साधन जवळपास तेच होतं. त्याला विचारला जाणारा प्रश्न बदलला होता.

प्रश्न कोणाचा आहे, हेही त्याच कागदावर लिहा. पंधरा वर्षांच्या मुलाला आईवडील घेऊन येतात आणि म्हणतात, 'याची एकदा टेस्ट करून टाका.' त्यांना कळायचं असतं की मुलगा आळशी आहे का. मुलाला कळायचं असतं की आपल्यात काही बिघाड आहे का. दोघांचा मिळून एक प्रश्न तयार होईपर्यंत चाचणी थांबू शकते. एखाद्या संस्थेने किंवा नोकरी देणाऱ्याने माणूस पाठवला असेल तर जास्तच सावध राहा. निकाल कोणाच्या हातात जाणार, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटचा एक तपास: उत्तर आधीच कुठे पडलेलं आहे का? जुने रिपोर्ट, शिक्षकांचं निरीक्षण, डॉक्टरांचे कागद, किंवा सरळ विचारलेला एक प्रश्न. 'तुम्हाला झोप कशी लागते?' हे विचारायला प्रश्नावली लागत नाही.

पायरी २: साधन निवडणं

साधनांची ढोबळ कुळं अशी. लक्षणं मोजणाऱ्या छोट्या प्रश्नावल्या: नैराश्यासाठी ९ विधानांची पीएचक्यू-९, चिंतेसाठी ७ विधानांची जीएडी-७, नैराश्य, चिंता आणि ताण एकत्र पाहणारी डास-२१. बुद्धिमत्तेच्या आणि अभिक्षमतेच्या (एखादं काम शिकून जमण्याची क्षमता) चाचण्या, ज्यांत वेक्सलर श्रेणी सर्वांत परिचित. व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या, पाच गुणविशेष मोजणाऱ्या पंचघटक पद्धतीच्या छोट्या साधनांपासून ५६७ विधानांच्या एमएमपीआय-२ पर्यंत. व्यवसायाबाबतची आवड मोजणारी साधनं, ज्यांपैकी बरीच जॉन हॉलंड यांच्या सहा गटांवर उभी आहेत: वास्तववादी, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि पारंपरिक. आणि प्रक्षेपण चाचण्या, ज्यांत अस्पष्ट चित्र दाखवून माणसाला त्यात काय दिसतं ते विचारतात, उदाहरणार्थ हर्मान रोर्शाक यांची १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेली शाईच्या १० डागांची.

यांतलं काय वापरायचं हे तुमचं शिक्षण आणि प्रशिक्षण ठरवतं. चाचण्यांचे प्रकाशक त्यांच्याकडच्या साधनांची प्रतवारी करतात आणि विकताना खरेदीदाराची पात्रता विचारतात, ते उगाच नाही. लक्षणांच्या छोट्या प्रश्नावल्या आणि आवडीची साधनं थोड्या अभ्यासाने नीट वापरता येतात. वैयक्तिक बुद्धिचाचणी आणि एमएमपीआय-२ यांना देखरेखीखालचा सराव हवा. प्रक्षेपण चाचण्यांना तर स्वतंत्र, लांबलचक प्रशिक्षण लागतं; ते नसेल तर हात लावू नका. दोन व्याख्यानं ऐकून मुलांच्या चित्रांतून 'दडपलेला राग' शोधणाऱ्यांनी या क्षेत्राचं बरंच नुकसान केलं आहे.

साधन ठरवण्याआधी त्याचं मॅन्युअल वाचा. सगळं नाही जमलं तरी चार गोष्टी शोधाच. मानदंड, म्हणजे तुलनेसाठी आधी मोजलेल्या लोकांचे गुण, कोणत्या लोकांवरून काढले आहेत, आणि तुमचा सल्लार्थी वयाने, भाषेने, शिक्षणाने त्यांच्यासारखा आहे का? ते कोणत्या वर्षी काढले? बुद्धिचाचण्यांत हा मुद्दा कळीचा आहे, कारण विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी गुण दर दशकाला साधारण ३ ने वाढत गेले, म्हणजे जुन्या मानदंडांवर मोजलेला माणूस आहे त्यापेक्षा वर दिसतो. विश्वसनीयता किती, म्हणजे पुन्हा मोजलं तर साधारण तेच येईल का? आणि वैधता: ही चाचणी ज्या निर्णयासाठी तुम्ही वापरू पाहताय त्या निर्णयासाठी तिचा पुरावा आहे का? एखादं साधन नोकरदार प्रौढांची आवड मोजायला उत्तम असेल. शाळकरी मुलाच्या भवितव्याबद्दल ते काहीही सांगत नसेल.

भाषेचा प्रश्न इथेच सोडवा. समोरच्याला परकी भाषा कळत नाही म्हणून जागच्या जागी भाषांतर करून वाचून दाखवलेली प्रश्नावली प्रमाणित राहत नाही. आधी रूपांतर, मग दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतर, मग थोड्या लोकांवर तपासणी आणि शेवटी नवे मानदंड, एवढं झाल्यावर ती त्या भाषेची चाचणी होते. तसं रूपांतर उपलब्ध नसेल तर विधानांवर बोला, पण गुणांवर भिस्त ठेवू नका.

सोळा प्रकारांत माणसं वाटणाऱ्या एमबीटीआयबद्दल नवे लोक हमखास विचारतात. मला ती समुपदेशनातल्या निर्णयांसाठी नको वाटते. बहुतेक माणसं प्रत्येक मापाच्या मध्याजवळ असतात. ही पद्धत मध्यावर रेघ मारून त्यांना इकडे किंवा तिकडे ढकलते. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा भरल्यावर अनेकांचा 'प्रकार' बदललेला निघतो. गप्पा सुरू करायला ठीक आहे, करिअर ठरवायला नाही.

पायरी ३: संमती

सहीचा कागद हवाच, पण समजावून सांगणं त्याहून महत्त्वाचं. काय देणार, किती वेळ लागेल, कशासाठी, निकाल कोण पाहणार, कागद कुठे राहणार, आणि नको म्हटलं तरी समुपदेशन थांबणार नाही, एवढं साध्या भाषेत सांगा. गोपनीयतेची मर्यादाही आत्ताच सांगा: जिवाला धोका दिसला तर मी एकटा गप्प बसू शकणार नाही. ही मर्यादा नंतर, उत्तरं पाहिल्यावर सांगितली तर ती फसवणूक वाटते.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि मुलाची तयारी, दोन्ही घ्या. 'रिपोर्ट आईबाबांना दाखवीन, पण त्याआधी आपण दोघं वाचू, आणि त्यात काय लिहायचं हे तुला माहीत असेल' असं म्हटल्यावर मुलं बरीच प्रामाणिकपणे लिहितात.

पायरी ४: चाचणी देणं

शांत खोली, पुरेसा उजेड, फोन बंद. मॅन्युअलमधल्या सूचना लिहिल्या तशाच वाचा. स्वतःच्या शब्दांत सांगण्याचा मोह इथे आवरावा लागतो. सूचना बदलली की मानदंडांशी तुलना लंगडी होते. वेळेचं बंधन असलेल्या चाचणीत घड्याळ नजरेसमोर ठेवा. क्षमतेच्या चाचणीत चेहऱ्याने किंवा 'छान!' म्हणून उत्तर बरोबर-चूक सुचवू नका. 'मन लावून करताय' एवढं पुरे.

देण्याआधी तीन चौकशा करा: वाचायला त्रास होतो का, चष्मा आणलाय का, काल झोप झाली का. वाचता न येणं माणसं लपवतात. एकाच स्तंभात सरळ रेषेत खुणा दिसल्या तर आळस गृहीत धरण्याआधी हे तपासा. ताप आलेल्या, रात्रभर जागलेल्या किंवा नुकतंच औषध बदललेल्या माणसाची बुद्धिचाचणी पुढे ढकला.

लक्षणांच्या प्रश्नावलीत कालावधी मोठ्याने सांगा. पीएचक्यू-९ मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. हे ठासून सांगितलं नाही तर लोक गेल्या वर्षीच्या वाईट दिवसांसकट उत्तर देतात.

माणूस कसा भरतो हेही लिहून ठेवा. कुठे थांबला, कुठे खोडलं, कोणत्या विधानावर हसला, कुठे 'याचा अर्थ काय?' असं विचारलं. प्रश्नावली घरी नेऊन किंवा फोनवर भरून आणली तर ही सगळी माहिती हातची जाते, शिवाय ती शेजारी बसून कोणी भरली हेही कळत नाही. सोय म्हणून घरी द्यायची वेळ येते. पण पहिली तरी तुमच्यासमोर होऊ द्या.

आता या पायरीतली सर्वांत गंभीर गोष्ट. पीएचक्यू-९ चं नववं विधान मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. नैराश्याच्या इतर अनेक साधनांतही असं विधान असतं. सल्लार्थी खोलीतून बाहेर जाण्याआधी ते उत्तर पाहा. बाकी बेरीज उद्या झाली तरी चालेल. तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर कागद बाजूला ठेवा आणि सरळ विचारा: 'इथे तुम्ही लिहिलंय की असे विचार येतात. मरून जावं असं वाटतं का? तसं काही करायचं मनात आलं आहे का? आत्ता किती जवळ वाटतं?' विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. विचारलं की बहुतेकांना सुटका वाटते. विचार आहेत एवढंच की बेत, साधन आणि वेळही ठरली आहे, यावर पुढची पावलं अवलंबून असतात: सुरक्षिततेची योजना, घरातल्या विश्वासाच्या माणसाला बोलावणं, तातडीची वैद्यकीय मदत. हे करताना तुमच्या पर्यवेक्षकांना फोन लावायला संकोच करू नका. आणि ही व्यवस्था तयार नसेल तर असं विधान असलेली प्रश्नावली देऊच नका. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला झेपणार नाही तो छापील कागदावर विचारणं अन्यायाचं आहे.

नववं विधान शून्य असलं म्हणजे धोका नाही, असंही नाही. काहींना लिहायचं नसतं. बोलण्यात निराशेचा सूर असेल तर कागद काहीही म्हणो, विचारा.

पायरी ५: गुण मोजणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि चुका इथेच होतात. दोनदा मोजा, दुसऱ्यांदा खालून वर. उलट गुण द्यायची विधानं, म्हणजे ज्यांत 'हो' म्हटल्याने गुण कमी व्हायला हवेत ती, आधीच खूण करून ठेवा. रोझेनबर्ग यांच्या १० विधानांच्या आत्मसन्मान श्रेणीत ५ विधानं उलट आहेत आणि ती विसरली की स्वतःबद्दल चांगलं मत असणारा माणूस खचलेला दिसतो. डास-२१ ही ४२ विधानांच्या मूळ श्रेणीची अर्धी आवृत्ती आहे. तिची बेरीज दुप्पट केल्याशिवाय मूळ श्रेणीच्या तक्त्यात पाहू नका. रिकाम्या जागा राहिल्या असतील तर मनाने भरू नका, मॅन्युअल काय सांगतं ते पाहा. आणि कोणती विधानं सोडली ते नोंदवा, कारण सोडलेलं विधानही काही सांगत असतं.

कच्चे गुण स्वतः काहीच सांगत नाहीत. ते मानदंडांतून गेले की प्रमाणित गुण होतात. वेक्सलर श्रेणीत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप) १५. टी-गुण या दुसऱ्या पद्धतीत सरासरी ५० आणि विचलन १०. म्हणजे टी-गुण ६० आणि बुद्धिगुणांक ११५ हे एकाच उंचीवर आहेत, साधारण ८४ व्या शतमकावर, म्हणजे १०० पैकी सुमारे ८४ जण त्याच्या खाली. शतमक आणि टक्केवारी यांची गल्लत पालकच काय, शिक्षकही करतात. ५० वा शतमक म्हणजे अगदी मधोमध. ५० टक्के मिळाले असा त्याचा अर्थ नाही. हे सांगितल्याशिवाय आकडा दाखवू नका.

आणि कोणताही गुण एकटा लिहू नका, पट्टा लिहा, म्हणजे खरा गुण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते. पट्टा विश्वसनीयतेवरून निघतो: प्रमाण विचलनाला (१ वजा विश्वसनीयता) या संख्येच्या वर्गमुळाने गुणायचं, म्हणजे मापनाची प्रमाण त्रुटी मिळते. विचलन १५ आणि विश्वसनीयता ०.९६ असेल तर त्रुटी ३ येते, आणि १०४ गुणांचा अर्थ ९५ टक्के खात्रीने साधारण ९८ ते ११० असा होतो. विश्वसनीयता ०.८४ असेल तर त्रुटी ६ येते आणि तोच पट्टा ९२ ते ११६ इतका पसरतो. भावाला १०४ आणि बहिणीला १०० मिळाले म्हणून कोण हुशार, हा वाद यातून आपोआप मिटतो.

पायरी ६: अर्थ लावणं

गुण म्हणजे अंदाज. तो तपासायचा असतो. चाळणीच्या साधनांत हे फार लवकर विसरलं जातं, म्हणून एक गणित करून पाहू.

पीएचक्यू-९ मध्ये एकूण गुण ० ते २७. ५, १०, १५ आणि २० वर सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र अशा पायऱ्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० ही सीमा धरल्यावर नैराश्याचा विकार असलेल्यांपैकी ८८ टक्के ओळखले गेले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर वगळले गेले. आता १००० माणसं घ्या, ज्यांपैकी १०० जणांना विकार आहे. त्यांतले ८८ सापडतील. उरलेल्या ९०० पैकी १२ टक्के, म्हणजे १०८ जणांनाही विनाकारण १० किंवा त्याहून जास्त गुण येतील. एकूण १९६ जण 'सापडले', त्यांत खरे ८८. निम्म्याहून कमी! तेच साधन अशा ठिकाणी वापरा जिथे १००० पैकी ४०० जणांना विकार आहे: ३५२ खरे सापडतात, ७२ चुकीचे, म्हणजे सापडलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के खरे. साधन तसूभरही बदललं नाही. म्हणून एखाद्या महाविद्यालयात सरसकट सगळ्यांना वाटलेली प्रश्नावली आणि मदत मागायला आलेल्या माणसाला दिलेली प्रश्नावली यांचे सारखेच गुण सारखे वाचता येत नाहीत.

खूप गुण आले म्हणजे नैराश्यच, असंही नाही. थकवा, झोप, भूक यांवरची विधानं शारीरिक आजारात, बाळंतपणानंतर किंवा औषधांमुळेही वर जातात. ताजं दुःखही गुण वाढवतं. आणि या प्रश्नावलीत उन्मादाबद्दल, म्हणजे अवाजवी उत्साहाच्या टप्प्याबद्दल, एकही विधान नाही. त्यामुळे द्विध्रुवीय विकारातला (ज्यात उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येतात) नैराश्याचा टप्पा इथे साध्या नैराश्यासारखा दिसतो. 'कधी असे दिवस आले का, की झोप न लागताही प्रचंड उत्साह होता आणि लोक म्हणाले, हा तू नाहीस?' हे तोंडीच विचारावं लागतं. निदान करणं हे ज्यांचं काम आहे त्यांच्याकडे पाठवा. तुमच्या नोंदीत 'नैराश्याची लक्षणं मध्यम पातळीवर' इतकंच लिहा.

चाचणी आणि मुलाखत यांच्यात विसंगती आली तर आनंद माना. हसतमुखाने 'सगळं ठीक' म्हणणाऱ्या माणसाचे गुण २१ आले, किंवा रडून बेजार झालेल्याचे ४ आले, तर बोलायला खरा विषय मिळाला. एमएमपीआय-२ सारख्या मोठ्या साधनांत उत्तरं कशी दिली गेली हे पाहणाऱ्या वेगळ्या मापन्याच असतात. स्वतःला फार चांगलं दाखवणं, त्रास फुगवून सांगणं, न वाचता खुणा करणं त्यांत दिसतं. पण 'फुगवून सांगितलं' याचा अर्थ खोटारडेपणा असाच लावू नका. मदत मिळावी म्हणून मोठ्याने हाक मारणाराही तसाच दिसतो.

पायरी ७: निकाल सांगणं

निकाल सांगण्यासाठी स्वतंत्र भेट ठेवा. निरोप घेताना दारात सांगायची ही गोष्ट नाही. स्टीफन फिन आणि मेरी टॉन्सेजर यांच्या १९९२ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एमएमपीआय-२ चा निकाल त्यांच्याशी चर्चा करत, त्यांच्या प्रश्नांना धरून सांगितला गेला. तुलनेच्या गटापेक्षा त्यांचा त्रास कमी झाला आणि आत्मसन्मान वाढला. उपचार सुरू झाले नव्हते. निकाल नीट सांगणं हाच मदतीचा भाग ठरला होता.

सुरुवात आकड्याने करू नका. आधी विचारा: 'भरताना तुम्हाला काय वाटलं? काय निघालं असेल असा अंदाज आहे?' माणसं बरेचदा निकालाच्या जवळ जाणारं काहीतरी स्वतःच सांगतात, आणि मग तुम्हाला फक्त दुजोरा द्यायचा उरतो. त्यांनी पहिल्या पायरीत विचारलेला प्रश्न पुन्हा वाचून दाखवा. त्यानंतर जे त्यांना आधीपासून ठाऊक आहे ते सांगा, मग थोडं नवं, आणि जे पचायला जड आहे ते शेवटी. सगळं एकाच भेटीत सांगायलाच हवं असं नाही.

समजा, करिअरबद्दल गोंधळलेली एक तरुणी आहे. आवडीच्या चाचणीत कलात्मक आणि सामाजिक गट वर, संख्यात्मक अभिक्षमता सरासरीपेक्षा बरीच जास्त. संवाद असा होऊ शकतो:

'आवडीच्या पानावर कला आणि माणसांसोबतचं काम वर आलंय. हे तुम्हाला पटतं का?'

'पटतं. पण मग आकडेमोडीत एवढे गुण कसे?'

'ते दुसऱ्या चाचणीतले आहेत. एक सांगते तुम्हाला काय आवडतं, दुसरी सांगते काय जमतं. तुम्हाला आकडे जमतात. ते आवडतात का, हे तुम्ही सांगायचं.'

'घरी सगळे म्हणतात, एवढं गणित येतं तर वाया का घालवतेस.'

आता खरं समुपदेशन सुरू झालं. चाचणीचं काम संपलं.

इथे दोन गोष्टींपासून जपा. एक, छापील अहवालातली गुळगुळीत वाक्यं. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून एकच मजकूर दिला. वाक्यं बाजारात मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. तेव्हा सल्लार्थी 'अगदी बरोबर!' म्हणाला यावरून चाचणी बरोबर ठरत नाही. प्रत्येक निष्कर्षाला त्याच्याच आयुष्यातलं उदाहरण मागा: 'असं शेवटचं कधी झालं?' उदाहरण मिळालं नाही तर निष्कर्ष बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट शब्दांची. 'तुमचा न्यूरोटिसिझम खूप जास्त आहे' हे कोणीही आयुष्यभर विसरत नाही. 'बहुतेकांपेक्षा तुम्हाला काळजी लवकर लागते आणि ती निवायला वेळ लागतो, असं उत्तरांवरून दिसतं' यात तीच माहिती आहे आणि पुढे बोलायला जागाही आहे. मुलांसमोर बुद्धिगुणांकाचा आकडा शक्यतो टाळा. काय सोपं जातं, कुठे जास्त वेळ लागतो, त्यासाठी वर्गात काय बदल हवा, हे सांगा. पालक आकडाच मागतील. द्या, पण पट्ट्यासकट आणि मुलाच्या गैरहजेरीत.

निकाल नाकारला गेला तर वाद घालू नका. 'तुम्हाला हे पटत नाही, मग तुमच्या मते काय आहे?' असं विचारा आणि तेही अहवालात लिहा.

पायरी ८: अहवाल आणि कागद

अहवाल छोटा ठेवा: प्रश्न काय होता, कोणती साधनं, ती कोणत्या परिस्थितीत दिली, काय दिसलं, त्याच्या मर्यादा काय, पुढे काय सुचवता. सल्लार्थीने तो वाचला तर मान खाली जाणार नाही अशा भाषेत लिहा, कारण कधीतरी तो वाचतोच. ज्याला पाठवायचा त्याच्या प्रश्नापुरतं लिहा. करिअरच्या अहवालात घटस्फोटाचा तपशील नको. प्रश्नपत्रिका आणि उत्तरतक्ते कोणालाही फोटो काढून देऊ नका, चाचणी एकदा फुटली की पुढच्यांसाठी ती निकामी होते. भरलेले कागद कुलपात, नाव आणि संकेतांक वेगळ्या ठिकाणी.

पायरी ९: पुन्हा मोजणं

छोट्या लक्षण-प्रश्नावल्यांचा सर्वांत चांगला उपयोग, माझ्या मते, निदानाच्या आसपास नाहीच. तो प्रगती पाहण्यात आहे. दर काही भेटींनी तीच प्रश्नावली, तशाच सूचनांनी. आलेख दोघांनी मिळून पाहायचा. मायकेल लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांच्या कामातून दिसलं आहे की कोणता सल्लार्थी खालावतोय हे उपचारकांना निव्वळ अंदाजाने फारसं ओळखता येत नाही, आणि ही माहिती वेळेवर हाती आली की अशा लोकांचे परिणाम सुधारतात.

एक-दोन गुणांच्या चढउतारावर खूश किंवा निराश होऊ नका. पीएचक्यू-९ मध्ये साधारण ५ गुणांचा फरक अर्थपूर्ण मानतात. बुद्धिचाचणी मात्र थोड्या महिन्यांत पुन्हा देऊ नका, सरावानेच गुण वाढतात.

गुण उतरले आणि माणूस म्हणतो 'काहीच बदललं नाही', तर पीएचक्यू-९ च्या शेवटी असलेला, बेरजेत न धरला जाणारा प्रश्न पाहा: या त्रासांमुळे काम, घर आणि माणसांशी वागणं किती अवघड झालं आहे? झोप सुधारली असेल, पण नोकरीवर जाणं अजून तितकंच जड असेल. उलट अनेक भेटी होऊनही गुण जागचे हलत नसतील तर ते सल्लार्थीच्या समोर ठेवा, 'आपण करतोय ते तुमच्या कामाला येतंय का?' असं विचारा, पर्यवेक्षकांशी बोला, आणि दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवायचं ठरलं तर हाच आलेख पत्रासोबत जोडा.